फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ: हात थरथरतो की कॅमेरा?

ओवरीवरची, १२ जुलै, रात्री १०:५०

मंडळी, फोटो मी बरे काढते. लग्नात फोटोग्राफर जेवायला बसला की लोक माझ्याकडे बघतात, एवढी पत आहे. व्हिडिओच्या वाटेला मात्र कधी गेले नव्हते.

यंदा लेक ढोल-ताशा पथकात ध्वज नाचवते आहे. सराव नदीकाठी, साडेपाच ते आठ, पाऊस नसेल तेव्हा. भावाने अमेरिकेहून आणलेला कॅनन २००डी आणि त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स घेऊन रविवारी गेले आणि पाऊण तास व्हिडिओ घेतला. घरी येऊन टीव्हीला जोडला तर दोन मिनिटांत सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "बंद कर गं, घारापुरीच्या लाँचमध्ये बसल्यासारखं होतंय."

खोटं नाही. चित्र सतत डुचमळतंय. शिवाय ध्वज फिरतो तो सलग फिरत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारल्यासारखा दिसतो. दिवे लागल्यावर तर वरून खाली काळपट पट्टे सरकताहेत. याच कॅमेऱ्याचे त्याच दिवशीचे फोटो मात्र स्वच्छ आहेत.

नवरा म्हणतो गिंबल घे, म्हणजे कॅमेरा मोटरने स्थिर धरणारा दांडा. गिंबलची किंमत बघून मी म्हटलं, आधी इथे विचारते. विसर्जनापर्यंत जमेल का हे शिकायला?

नळस्टॉप, १२ जुलै, रात्री ११:०४

गिंबल घ्या. विषय संपला.

तिरपागडा, १२ जुलै, रात्री ११:१०

सासूबाईंना आधी आवळासुपारी द्या. बाकीचं नंतर बघू.

जुना_ट्रॉलीवाला, १३ जुलै, सकाळी ६:१५

ताई, आधी एक सांगा. व्हिडिओ हलतोय की तुटतोय? हे दोन वेगळे आजार आहेत, आणि लोक दोन्हींवर एकच गोळी घेतात. गिंबल हलण्यावर चालतो. तुटण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. पट्टे हा तर तिसराच.

मी बावीस वर्षं शूटिंगला ट्रॉली ढकलली. कॅमेरामन नाही, ढकलणारा. पटरी अंथरायची, खाली पाचरी मारून पातळी आणायची आणि जर्क न देता ढकलायची, एवढंच काम. पण चित्र का हलतं ते ढकलणाऱ्याइतकं कुणाला कळत नाही, कारण शिव्या त्यालाच पडतात.

शटर स्पीड किती ठेवला होता?

ओवरीवरची, १३ जुलै, सकाळी ९:३०

@जुना_ट्रॉलीवाला काका, दोन्ही होतंय. शटर १/५०० होता, म्हणजे एका चित्रामागे सेकंदाचा पाचशेवा भाग. फोटोची सवय! नाचणारं माणूस फोटोत हललेलं येऊ नये म्हणून मी नेहमी तिथेच ठेवते. व्हिडिओ हलतोय असं वाटलं म्हणून मध्ये १/१००० पण केला. काही फरक पडला नाही, उलट वाईटच झालं.

गणित_चुकलेला, १३ जुलै, सकाळी ११:४५

सापडला की चोर! फोटोवाल्या सगळ्यांचं पहिल्यांदा इथेच पाऊल घसरतं, माझंही घसरलं होतं.

फोटोत वेगवान शटर हाताचा थरथराट लपवतो, कारण तिथे एकच चित्र असतं. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं एकामागोमाग येतात. तुम्ही प्रत्येक चित्र १/५०० ला घेतलंत म्हणजे प्रत्येकात ध्वज अगदी धारदार, गोठलेला. एका चित्रात ध्वज डावीकडे, पुढच्यात एकदम हातभर पलीकडे, मधला प्रवास कुठेच नोंदलेला नाही. डोळ्याला ती उडी दिसते. प्रत्येक चित्रात थोडी पुसट रेघ हवी, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात मिसळतं. त्यासाठी शटर फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला जितकी चित्रं त्याच्या, दुप्पट ठेवायचा. २५ फ्रेम असतील तर १/५०. फिल्मच्या कॅमेऱ्यात फिरत्या चकतीचा अर्धा भाग उघडा असायचा, म्हणून याला १८० अंशांचा नियम म्हणतात.

आता पट्टे. कॅमेरा अमेरिकेहून आलाय ना? मेनूत व्हिडिओ सिस्टीम बघा, पैज लावतो की एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्हीची पद्धत, असेल. त्यात ३० आणि ६० फ्रेम मिळतात, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची. आपली ५० हर्ट्झची, म्हणजे आपले दिवे विजेच्या फेरीला दोनदा, सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० ला प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके बसतात, १/१०० ला एक. १/६० ला पावणेदोनच्या आसपास अर्धवट काहीतरी येतं आणि १/५०० ला ठोक्याचा एखादा तुकडाच. सेन्सर चित्र एकदम उचलत नाही, ओळीओळीने वरून खाली वाचतो, म्हणून एखादी ओळ उजळ आणि एखादी काळी. पीएएल (आपल्याकडची पद्धत) करा, २५ फ्रेम, शटर १/५०. पट्टे बहुतेक जातील. बहुतेक अशासाठी, की स्वस्त एलईडी माळांचं स्वतःचं वेगळंच तंत्र असतं. ते कुणाच्या बापाला ऐकत नाही.

तिरपागडा, १३ जुलै, दुपारी १२:०२

म्हणजे कॅमेरा अमेरिकेत शिकून आला आणि इथल्या विजेशी त्याचं पटेना. आमच्या चुलतभावासारखं.

नळस्टॉप, १३ जुलै, दुपारी १२:४०

ते १/५० वगैरे कागदावर ठीक आहे. संध्याकाळी साडेपाचच्या उन्हात १/५० ठेवलात तर पांढरा कागद दिसेल, ध्वज नाही.

गणित_चुकलेला, १३ जुलै, दुपारी १:१५

@नळस्टॉप बरोबर. म्हणून एनडी फिल्टर. लेन्सला गॉगल समजा. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० असेल तर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, साधारण एफ-२२ इतकं बारीक लागतं. ते मिळतं, पण चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरची सगळी धूळ आकाशात ठिपक्यांसारखी दिसते. एफ-४ वर यायचं तर पाच स्टॉप उजेड कापायला हवा, म्हणजे पाच वेळा निम्मा, म्हणजे एनडी ३२. या लेन्सला ५८ मिमीचा बसतो. फिरवून कमी-जास्त करायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण टोकापर्यंत फिरवला की चित्रावर फुलीसारखी काळी छाया येते. आणि कॅमेरा व्हिडिओतही मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर ढग आला की तो शटर आपल्या मनाने बदलतो.

रानवाटा, १३ जुलै, सायंकाळी ७:२०

पाषाण तलावावर पक्ष्यांचे व्हिडिओ घेतो, त्या अनुभवावरून. हलण्याबद्दल:

गळ्यातला पट्टा आखूड करा आणि कॅमेरा पुढे ढकला, इतका की पट्टा मानेला ताणून लागेल. आता तीन आधार झाले, दोन हात आणि मान. कोपरं बरगड्यांना टेकवा. पाय खांद्याइतके फाकवून गुडघे किंचित सैल. लेन्स १८ वर ठेवा आणि जवळ जा. ५५ वर हाताची थरथर तिप्पट मोठी दिसते. लेन्सवरचं आयएसचं (थरथर सावरणारं) बटण चालू ठेवा. ट्रायपॉडवर लावलात की बंद करा, नाहीतर पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) थांबवल्यावरही चित्र थोडं पुढे सरकून मग थांबतं.

सगळ्यात मोठं म्हणजे, फिरू नका. फोटोवाल्यांना सवय असते, हे टिपलं की लगेच ते टिपायचं. माझ्या पहिल्या व्हिडिओत ९ मिनिटांत कॅमेरा एकदाही थांबला नव्हता आणि खंड्या कुठेच नव्हता. आता मनात दहा मोजतो. दहा होईपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही, पक्षी उडाला तरी नाही. रिकामी फांदीसुद्धा छान दिसते हो.

कढीपत्ता, १३ जुलै, रात्री ९:०५

दहा मोजण्याला +१. मी मात्र चालत शूट करायला शिकले, तेही आईकडून. तिला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा लडखडता व्हिडिओ बघून म्हणाली, "कढीचं भरलेलं पातेलं गॅसवरून ओट्यावर नेतेस तेव्हा अशी चालतेस का?"

नाही चालत. गुडघे वाकलेले, टाच आधी, मग चवडा, कमरेच्या वर सगळं स्थिर आणि नजर पातेल्यावर नाही तर वाटेवर. दुसऱ्या दिवशी खरंच काठोकाठ पाणी भरलेलं पातेलं घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला गालिचा भिजला. आठवड्याभरात थेंब सांडेना. मग पातेल्याच्या जागी कॅमेरा.

तिरपागडा, १३ जुलै, रात्री ९:११

कढीपत्त्याने कढीचं उदाहरण द्यावं, हा योगायोग नव्हे.

जुना_ट्रॉलीवाला, १४ जुलै, सकाळी ६:०५

@कढीपत्ता तुमच्या आईला माझा नमस्कार. हेच खरं आहे. पातेलं जड असतं म्हणून ते नेता येतं, रिकामी वाटी जास्त हिंदकळते. गॅरेट ब्राउनने सत्तरच्या दशकात स्टेडिकॅम, म्हणजे अंगावर बांधायचा कॅमेऱ्याचा आधार, केला त्यात मोटर नव्हती. वजन होतं, स्प्रिंगचा हात होता आणि कॅमेरा तोललेला होता. हलका कॅमेरा थरथरतो, कारण तुमच्या नाडीचा ठोकासुद्धा त्याला हलवतो. २००डी लेन्ससकट सातशे ग्रॅमच्या आसपास. ताई, ट्रायपॉड असेल तर पाय मिटून कॅमेऱ्याखाली तसाच लटकू द्या आणि ट्रायपॉडच्या डोक्याखाली धरून चाला. वजन वाढतं, ते खाली जातं, चित्र शांत होतं. फुकटचा स्टेडिकॅम.

नळस्टॉप, १४ जुलै, सकाळी १०:२०

सगळे मिळून बाईंना पातेलं आणि ट्रायपॉड घेऊन कवायत करायला लावताय. गिंबल हे सगळं आपोआप करतो. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, दोन वर्षांत त्याचे पैसे निघाले.

कढीपत्ता, १४ जुलै, सकाळी १०:४५

@नळस्टॉप गिंबल मीही वापरलाय. तो कॅमेऱ्याचं झुकणं आणि वळणं सावरतो, पण पावलागणिक होणारं वर-खाली त्याच्या हातात नाही. सरळ पाय टाकत चाललात तर गिंबलवरचा व्हिडिओसुद्धा उंटावरून काढल्यासारखा येतो. शेवटी पातेल्याची चाल लागतेच.

नळस्टॉप, १४ जुलै, सकाळी ११:००

हे मान्य. पण निम्मं काम तरी होतं ना?

खिडकीतून, १४ जुलै, दुपारी ३:३०

सरावाला गिंबल चालेल. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर गिंबल घेऊन कुणी जाऊन दाखवावं. मानाच्या गणपतींपुढे पथक असताना तिथे स्वतःचा हात वर काढायला जागा नसते.

आमचं घर लक्ष्मी रस्त्यावर पहिल्या मजल्यावर आहे. दरवर्षी खिडकीतून शूटिंग करतो. पहिल्या वर्षी खिडकीच्या कठड्यावर ट्रायपॉडचे पाय टेकवले, अगदी भक्कम. रात्री बघितलं तर चित्र जेलीसारखं लदलदतंय, समोरच्या वाड्याचे खांब नागमोडी. खाली पन्नासेक ढोल वाजत होते आणि लोखंडी कठडा थरथरत होता. ट्रायपॉडने ती थरथर इमानेइतबारे कॅमेऱ्यापर्यंत पोचवली. सेन्सर ओळीओळीने वाचतो असं वर @गणित_चुकलेला यांनी लिहिलंय, त्याचंच हे दुसरं फळ. वरची ओळ वाचताना कॅमेरा इथे, खालची वाचताना तिथे.

पुढच्या वर्षी बायकोने माळ्यावरून मुलाची मोहरीची उशी काढून दिली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून वापरतात ती. ती कठड्यावर ठेवली आणि लेन्स तिच्यात रुतवली. मोहरी लेन्सच्या आकाराने बसते, खालचा थरथराट बराचसा खाऊन टाकते, आणि मोहरीवर मोहरी घरंगळत असल्यामुळे हळूहळू पॅनही करता येतो. आता बाजारात शूटिंगसाठी अशा पिशव्या मिळतात म्हणे. आमची अजून तीच आहे. मुलगा बारावीला गेला.

रानवाटा, १४ जुलै, दुपारी ४:१०

अप्रतिम! मी पिशवीत राजमा भरून नेतो, तलावावर मुंग्या लागतात. मोहरी आजच आणतो. वाचनखूण साठवली आहे.

बुधवारी_रविवारी, १४ जुलै, रात्री ८:४०

गर्दीतली एक युक्ती माझीही. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडचं भोक असतं. त्यात एक बोल्ट, बोल्टला दोरी, दोरीचं दुसरं टोक बुटाखाली. कॅमेरा वर ओढून दोरी ताणून धरायची. वर-खाली आणि डावं-उजवं हलणं एकदम कमी होतं. खर्च एका चहाएवढा.

पण बोल्ट नीट बघून घ्या, इथे माझी फसगत झाली होती. रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात कॅमेरा घेऊन गेलो. त्याने बघून ६ मिमीचा बोल्ट दिला, "हाच बसतो साहेब." एक आटा गेला, दुसऱ्याला अडकला. दुकानदार पाना घेऊन पुढे आला, तेव्हा मी कॅमेरा छातीशी धरून मागे सरकलो. कॅमेऱ्याचं भोक पाव इंची असतं, इंचाला २० आटे. ६ मिमीवाला थोडा बारीक आणि आटे वेगळ्या चालीचे. जोर लावलात तर कॅमेऱ्याचे आटे जातात. तेव्हा "पाव इंची, वीस आटे" असंच मागा. आणि लांब बोल्ट शेवटपर्यंत पिळू नका. वर नट आणि वायसर लावून पाच-सहा मिमीच आत जाईल असं करा. भोक तेवढंच खोल असतं.

तिरपागडा, १४ जुलै, रात्री ८:५५

दुकान १ ते ४ उघडं होतं का?

बुधवारी_रविवारी, १४ जुलै, रात्री ८:५८

उघडं होतं. मालक बंद होता.

जुनी_वही, १५ जुलै, सकाळी ८:००

१८० अंशांबद्दल थोडा विरोध नोंदवते. नियम आहे, सोवळं नव्हे. ताशाच्या काड्या, उडणारा गुलाल, पावसाचे थेंब हे १/२०० ला जे दिसतं ते १/५० ला पुसलं जातं. आणि संगणकावर स्टेबिलायझेशन (हललेलं चित्र स्थिर करणं) करणार असाल, डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ते आहे, तर हलल्यामुळे पुसट झालेल्या फ्रेम स्थिर केल्यावर विचित्र दिसतात. चित्र जागेवर, पण मधूनच धूसर होऊन परत स्वच्छ. डोळे फिरतात. तिथे जरा वेगवान शटर बरा. शिवाय संगणक कडा कापतो, तेव्हा घेतानाच मोकळी चौकट ठेवा. ध्वज हा प्रकार नेमका उंच असतो.

गणित_चुकलेला, १५ जुलै, सकाळी ९:१०

@जुनी_वही ताशाबाबत मान्य. पण दिवे लागल्यावर १/२०० ला पट्टे परत येणार. दिवसा तुमचं, रात्री माझं.

अजून एक, ध्वजासाठी ५० फ्रेमने घ्या, शटर १/१००, आणि नंतर संगणकावर २५ च्या टाइमलाइनवर टाकून वेग ५० टक्के करा. निम्म्या वेगाने चालेल. कापडाची लाट काय दिसते! हाताची थरथरही निम्म्या वेगाने, म्हणजे मवाळ होते. पट्ट्यांच्या दृष्टीनेही १/१०० चालतो. ढोलाचा आवाज मात्र वेगळा घ्यावा लागेल.

पुलाखालून, १५ जुलै, दुपारी २:२०

मी बाइकच्या हँडलला मोबाइल लावून सिंहगडाचा घाट शूट केला होता, मस्त आला. ते जमेल का?

रानवाटा, १५ जुलै, दुपारी २:४५

@पुलाखालून मोबाइल जपा. इंजिनच्या कंपनांनी कॅमेऱ्यातलं स्टेबिलायझेशन खराब होऊ शकतं, असं २०२१ मध्ये अॅपलनेच सांगितलं होतं. आणि पुण्यातले खड्डे त्यांनी हिशेबात धरले नसतील.

(खड्ड्यांवरचे २६ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. संपादक)

सासवडी, १६ जुलै, सकाळी ११:३०

अवांतर: ट्रॉलीकाका, तुम्ही प्रभातमध्ये होतात का हो?

जुना_ट्रॉलीवाला, १७ जुलै, सकाळी ६:१०

अहो, प्रभात कोल्हापुरातून पुण्याला आली १९३३ साली. मी इतका जुना नाही. त्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. मुलांच्या फिल्मसाठी कधी कधी बाहेरून माणूस लागायचा, तेव्हा जायचो. एकदा एका पोराला ट्रॉली संथ हवी होती आणि माझ्याकडून सुरुवातीला प्रत्येक वेळी जर्क बसत होता. थांबलेली गाडी हलवायला जोर लागतो आणि हलली की तोच जोर जास्त होतो. मग लक्षात आलं, तो अॅक्शन म्हणायच्या आधीच हलायला लागायचं. कॅमेरा चालू, ट्रॉली चालू, मग अॅक्शन. सुरुवातीचा तुकडा कापून टाकायचा.

ताई, पॅनचंही तेच करा. ट्रायपॉडचा दांडा हाताने ढकलू नका, त्याला जाड रबर बँड अडकवा आणि रबर ओढा. बोटाचा झटका रबर खातो. पॅन सुरू होण्याआधी पाच मोजा, संपल्यावर पाच. आणि सावकाश. एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सातेक सेकंद लागले पाहिजेत.

ओवरीवरची, १८ जुलै, रात्री ११:२०

सगळ्यांचे किती आभार मानू! सेटिंग खरंच एनटीएससी होतं. पीएएल केलं, २५, १/५०. आज सरावाला गेले तर पट्टे गायब. फक्त प्रसादाच्या टेबलावरची निळी माळ अजून लुकलुकते. ध्वजही सलग फिरतोय. नवऱ्याने विचारलं, नवा कॅमेरा घेतलास का?

हलणं अजून आहे. पातेल्याची तालीम चालू आहे, दोन फरशा घसरड्या झाल्यात. सासूबाई सोफ्यावरून परीक्षण करतात.

तिरपागडा, १८ जुलै, रात्री ११:२५

त्यांना नियमित कॅमेऱ्यापुढे बसवा. त्या हलल्या की व्हिडिओ हललाय असं समजा.

ओवरीवरची, २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढते. महिनाभर दर रविवारी गेले. रविवार पेठेतून पाव इंची बोल्ट आणला (६ मिमीचा मलाही आधी दिलाच!), आणि दोरी सापडेना म्हणून परकराची नाडी बांधली. काही झालं तरी घट्ट विणीची, ताणत नाही.

परवा मुलींचा पूर्ण वेशात सराव होता. एका जागी उभी राहिले. पट्टा मानेला, नाडी चपलेखाली, लेन्स १८ वर, ५० फ्रेम, १/१००. दहा मोजायचे ठरवले होते, पण लेक ध्वज घेऊन समोर आली तेव्हा मोजायचं राहून गेलं. ५२ सेकंदांचा तुकडा झाला. मी हलले नाही, तीच चौकटीत आली, गिरकी घेतली, ध्वज खाली जमिनीपर्यंत आणला, वर उचलला आणि बाहेर गेली. मागे काही क्षण नुसती धूळ. तो तुकडा सासूबाईंनी चारदा बघितला, डोळे उघडे ठेवून.

लेकीचं म्हणणं, "आई, यात मी कुठे आहे? सगळा ध्वजच दिसतोय." म्हणजे चौकट अजून चुकतेय. खाली दुवा देते आहे. गिंबल घेतलेला नाही, @नळस्टॉप माफ करा.

नळस्टॉप, २४ ऑगस्ट, रात्री १०:४०

बघितला. माफ केलं. पण दिवाळीत घ्या.

जुना_ट्रॉलीवाला, २५ ऑगस्ट, सकाळी ६:०५

चांगला आहे. मागची धूळ कापू नका. ४१ व्या सेकंदाला जर्क आहे, तो कशाचा?

ओवरीवरची, २५ ऑगस्ट, सकाळी ९:००

शेजारच्या ताशावाल्याचा पाय नाडीवर पडला.

तिरपागडा, २५ ऑगस्ट, सकाळी ९:०४

कॅमेऱ्याच्याच ना?